व्हर्नाच्या तळघरातला मध आणि तीस दिवस

व्हर्ना टाट्रो खोटं बोलताना मी एकदाही पाहिलेली नाही, आणि आम्ही एका बाकावर बसून शिकलो आहोत. आमच्या कॉब्स हॉलोत तेव्हा एकाच खोलीची शाळा होती. सात इयत्ता, एक शेगडी, एक बाई. एकदा बाईंच्या खुर्चीवर मी डिंक लावला. बाईंनी विचारलं, "हे कोणी केलं?" व्हर्ना उभी राहिली आणि म्हणाली, "मी नाही केलं, पण डब्यातला डिंक माझा आहे. रॉयसने मागितला तेव्हा कशाला हवाय हे मी विचारलं नाही, तेवढी चूक माझी." झालं! मला छड्या, तिला अर्धा तास कोपरा. घरी जाताना म्हणते कशी, "रागावू नकोस रे, पण विचारलंच तर काय करणार?"

हे सांगायचं कारण, साठ वर्षांनी हाच स्वभाव तिच्या मुळावर उठला होता. आणि नुसता तिच्या नव्हे, गावातल्या शे-सव्वाशे पोरांच्या वाट्याच्या मधाच्या मुळावर.

आता मधाचं सांगतो. व्हर्ना शाळेच्या भटारखान्यात एकतीस वर्षं स्वयंपाकीण होती. ती आणि तिचा नवरा लीलँड, दोघांना मधमाश्यांचं वेड. घरामागच्या उतारावर तीन पेट्या. तीनच का, तर लीलँड म्हणायचा, "चौथीला माझी पाठ नाही म्हणते." दर वर्षी मध निघाला की त्यातल्या दोन मोठ्या पांढऱ्या बादल्या तळघरात जायच्या. झाकणावर साल लिहायचं आणि त्या साली गावात जन्मलेल्या पोरांची नावं. पोर आठवी पास होऊन शाळेतून बाहेर पडलं, की त्याच्या जन्मवर्षाच्या मधाची एक बरणी त्याच्या हातात. राहिलेला मध शाळेच्या पावात. तू जन्मलास तेव्हा डोंगरावर कुठली फुलं होती ते चाखून बघ, असं लीलँड पोरांना सांगायचा. आमच्या घरच्या तिघा नातवंडांना मिळाल्या आहेत बरण्या. धाकटीने अजून उघडलेली नाही. लग्नात उघडणार म्हणे.

मग लीलँड आजारी पडला. अडीच वर्षं दवाखाने झाले आणि त्यात तो गेला. मागे जी बिलं राहिली त्यांची चळत मी पाहिली आहे. व्हर्ना ती दर महिन्याला तारखेप्रमाणे लावून ठेवायची, जणू लावून ठेवल्याने ती कमी होतील. शेवटी जिल्ह्याच्या गावच्या एका तरुण वकीलबाईने, कोलीन गॅनियनने, तिला सांगितलं, "मिसेस टाट्रो, दिवाळखोरीचा अर्ज करा. त्यात लाज नाही. कायदा असल्याच वेळेसाठी केलाय."

व्हर्ना मला म्हणाली, "रॉयस, मला गाडीने घेऊन चल. एकटी गेले तर वाटेतून परत येईन."

असा मी त्यात पडलो.

आमच्या व्हरमाँटचा कायदा मला तेव्हा पहिल्यांदा कळला, आणि मी त्याच्या प्रेमातच पडलो. दिवाळं निघालं तरी माणसाकडून काय घ्यायचं नाही त्याची त्यात यादी आहे. एक गाय, दोन शेळ्या, दहा मेंढ्या, दहा कोंबड्या, आणि त्यांना एक हिवाळाभर पुरेल इतकी वैरण. स्वयंपाकाची चूल. लग्नाची अंगठी. सरपण. आणि मधमाश्यांची तीन मोहोळं, त्यांच्या पेट्या आणि त्यांनी केलेला मध. ही यादी ज्याने लिहिली तो नक्की आमच्यासारख्याच एखाद्या खोऱ्यातला असणार. घरासाठी वेगळी सूट होती, त्यामुळे घर वाचत होतं. व्हर्नाकडे गाय नाही की शेळी नाही. पण तीन मोहोळं होती, बरोब्बर तीन. आणि तळघरात चौदा वर्षांच्या अठ्ठावीस बादल्या.

अर्जाबरोबर व्हर्नाने आपल्या मालमत्तेची यादी दिली, आणि त्यावरची सभा मे महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला होती, गुरुवारी. सभा म्हणजे काय, तर एक खोली, एक टेबल आणि कोर्टाने नेमलेले विश्वस्त. विकण्यासारखं जे काही सापडेल ते विकून घेणेकऱ्यांना वाटायचं, हे त्यांचं काम. नाव मिस्टर व्हिटकॉम. उंच, कोरडे, चष्मा नाकाच्या टोकावर. घेणेकऱ्यांपैकी कोणी फिरकलं नाही. व्हर्नाने हात वर करून शपथ घेतली. इतक्या ताठ उभी राहून, की मला वाटलं आता राष्ट्रगीत म्हणते.

मिस्टर व्हिटकॉमनी यादी वाचली. "मधाच्या अठ्ठावीस बादल्या?"

"हो."

"तीन पेट्यांच्या?"

"हो. चौदा वर्षांच्या."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, कागदाच्या कडेला पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "ठीक. सभा समाप्त."

कोलीनने टेबलाखालून व्हर्नाचा हात दाबला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "झालं ना मग? सुटलो!"

"अजून नाही," कोलीन म्हणाली. "यादीतल्या सवलतीवर हरकत घ्यायला त्यांना तीस दिवस आहेत. सभा संपली म्हणाले ना, तिथून मोजायचे. तहकूब म्हणाले असते तर टांगून राहिलो असतो. तीस दिवसांत कोणी हरकत घेतली नाही, तर मध तुमचा. मग त्या सवलतीत खोट निघाली तरी कोणाला बोलता येत नाही."

"आणि खोट आहे का?" व्हर्नाने लगेच विचारलं.

कोलीनने जरा खाकरून घसा साफ केला. "कायदा म्हणतो, तीन मोहोळं आणि *त्यांचा* मध. कोणी म्हणू शकतं, जुना मध ह्या माश्यांचा नाही, आधीच्या मेलेल्या माश्यांचा आहे. पेन्सिलीने ते काय लिहीत होते ते मला माहीत नाही. बादलीला चारशे डॉलर येतात, विकायला मोह होईल असा माल आहे. तेव्हा तीस दिवस गप्प बसा. आणि मिसेस टाट्रो, यादीला हात लावू नका. ती ओळ दुरुस्त केलीत तर त्या ओळीवर हरकतीचे पुन्हा नवे तीस दिवस सुरू होतात."

"मी कशाला दुरुस्त करीन? तीन आहेत, तीन लिहिलीत."

घरी येऊन मी पेंडीच्या दुकानातून मिळालेलं कॅलेंडर स्वयंपाकघरात टांगलं आणि रोज एक फुली मारू लागलो. माझी बायको आयोना म्हणाली, "स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस इतका कधी मोजला नाहीस." आता हिला काय सांगणार!

सतराव्या दिवशी, रविवारी दुपारी, मी पडवीत पेंगत होतो. डोक्यावरून आगगाडी जावी तसा आवाज आला. डोळे उघडून पाहतो तो व्हर्नाकडून काळा ढग निघालाय आणि दगडी बांध ओलांडून माझ्याच सफरचंदाच्या झाडाकडे येतोय. बघता बघता फांदीवर भलीमोठी दाढी लोंबायला लागली. मोहोळ फुटलं होतं. म्हणजे जुनी राणी अर्ध्या माश्या घेऊन घर सोडून निघाली होती, मागे नवी राणी आणि उरलेल्या अर्ध्या. तिनाची चार झाली!

व्हर्ना धावत आली आणि बांधावर येऊन थबकली. पाऊल पुढे टाकेना.

"ये की अगं," मी ओरडलो, "तुझ्याच आहेत!"

"तेच तर!" ती म्हणाली. तोंड पांढरंफटक. "पेटीत भरल्या तर चार होतील माझ्याकडे. मी शपथेवर तीन लिहिलीत. मला कोर्टाला कळवावं लागेल."

"कळवलंस तर नवे तीस दिवस!"

"मग काय करू? खोटं ठेवू?"

आयोनाने आमच्या स्वयंपाकघरातून कोलीनला फोन लावला. बिचारी रविवारची वाफ्यात कांदे लावत होती. फोनवर म्हणाली, "मिसेस टाट्रो, अर्ज केला त्या दिवशी जेवढं होतं तेवढंच मोजतात. त्या दिवशी तीन होती. नंतर काही झालं त्याचं लिहायला नको."

"पण आज कोणी विचारलं तर मी काय सांगू?"

"कोणी विचारत नाहीये!"

"मी विचारतेय ना," व्हर्ना म्हणाली आणि फोन ठेवला. पुन्हा बांधावर जाऊन उभी. हाताची घडी. कपाळावर सात आठ्या. मोहोळ सोडून द्यायला तिचा जीव होत नव्हता. रानात गेलं की हिवाळ्यात मरतं. आणि धरायला शपथ आड येत होती.

मग हळूच म्हणते, "रॉयस, झाडावरचं मोहोळ कोणाचं असतं?"

"कोणाचं?"

"जो धरील त्याचं. आजोबांच्या वेळेपासून असंच आहे. मालक मागे आला तर मालकाचं. मी बांधाच्या अलीकडेच आहे. मी काही मागे आलेली नाही."

आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी एकाहत्तर वर्षांचा. माश्या म्हटलं की मी मैल लांबून जाणारा माणूस. लहानपणी एकीने कानाच्या पाळीला चावा घेतला होता, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. पण ती जशी बघत होती तसं बघितल्यावर काय करता! बर्फात घालायचा कोट चढवला, जूनमध्ये! आयोनाने जाळीचा पडदा माझ्या टोपीवरून गळ्यापर्यंत गुंडाळला आणि हसून हसून पायरीवर बसली. शिडी लावली. हातात रिकामं खोकं.

"खोकं बरोब्बर खाली धर!" व्हर्ना बांधावरून. "आता फांदीला एकच हिसका. एकच! कुरवाळत बसू नकोस!"

"तूच ये ना मग!"

"मी येऊ शकत नाही, शपथ आहे! हिसका दे!"

दिला हिसका. अर्ध्या खोक्यात, अर्ध्या माझ्या कोटावर. "हलू नकोस!" ती ओरडली. "पोटभर मध खाऊन निघाल्यात, चावत नाहीत ह्या वेळी!" हे त्या माश्यांना कोणी सांगितलेलं नसावं. अकरा डंख. मोजून अकरा, त्यातला एक अशा जागी की आठवडाभर मी जेवायला उभा होतो. पण राणी खोक्यात पडली होती, आणि राणी पडली की बाकीच्या आपोआप मागून येतात. संध्याकाळपर्यंत खोकं भरलं. व्हर्नाने मला रिकामी पेटी विकली. फुकट देता येईना, कारण तीही यादीत होती. पेटी मुळात तिचीच राहील की नाही याची खात्री नाही म्हणून पैसे एका लखोट्यात घालून बाजूला ठेवले. अशी ही बाई. आणि असा मी उतारवयात मधपाळ झालो.

तीनच दिवसांनी आठवीचा निरोप समारंभ होता. नऊ पोरं होती. दर वर्षी व्हर्ना बरण्यांची टोपली घेऊन पहिल्या रांगेत बसते. त्या दिवशी हात रिकामे. समारंभ झाल्यावर नऊही जणांशी हात मिळवला आणि प्रत्येकाला सरळ सांगितलं, "तुमचा मध आहे, पण तो अजून माझा नाही. महिनाअखेर कळेल. नाही मिळाला तर रागावू नका." आईबाप पायाखाली बघायला लागले. एकजण मला बाजूला घेऊन म्हणाला, "अहो रॉयस, नऊ बरण्यांनी काय बिघडणार आहे? कोण मोजतंय?"

मी म्हटलं, "ती मोजतेय."

त्या आठवड्यात तिने तळघराचा जिना दोनदा झाडला. खाली मात्र गेली नाही.

सत्तावीस तारखेला चर्चच्या सभागृहात स्ट्रॉबेरीचं जेवण असतं. सहा गावं येतात. माझ्या कॅलेंडरवर तिसावी फुली पडली होती. मला कुठलं राहवतंय! साय-स्ट्रॉबेरीची तिसरी ताटली संपवली, उभा राहिलो, चमच्याने पेला वाजवला आणि जाहीर केलं: तीस दिवस झाले, हरकत नाही, मध व्हर्नाचा! टाळ्यांनी छप्पर उडायची पाळी आली. कोणीतरी व्हर्नाला उचलायचा प्रयत्न केला, ती ओरडली, "अरे मेल्यांनो, माझी पाठ!" पण डोळे पुसत होती.

सोमवारी सकाळी कोलीनचा फोन. "मिस्टर रॉयस, शनिवारी तुम्ही काहीतरी जाहीर केलंत म्हणे?"

"हो! तीस दिवस!"

"तिसावा दिवस शनिवारी आला. शेवटचा दिवस सुटीचा असला की मुदत पुढच्या कामाच्या दिवशी जाते. म्हणजे आज. मध्यरात्रीपर्यंत. आणि सहा गावांना तुम्ही ओरडून आठवण करून दिलीत."

हातातला पाव हातातच. मी व्हर्नाकडे गेलो आणि कबूल केलं. ती एवढंच म्हणाली, "डिंक घ्यायला आलास तेव्हाही असाच घाईत होतास."

आणि दुपारी तीनला अंगणात करडी गाडी येऊन थांबली. उतरले मिस्टर व्हिटकॉम.

"मिसेस टाट्रो, बादल्या बघता येतील?"

"बघा की. जिना अरुंद आहे, डोकं सांभाळा."

आम्ही तिघं खाली गेलो. अठ्ठावीस बादल्या, दोन-दोनच्या रांगेत. त्यांनी एका झाकणावर बोट ठेवलं. "सगळा ह्याच तीन मोहोळांचा?"

मी व्हर्नाच्या पायावर पाय ठेवला. जोरात.

"पाय काढ रॉयस," ती म्हणाली. "नाही, मिस्टर व्हिटकॉम. सात सालच्या हिवाळ्यात तिन्ही मोहोळं मेली. वसंतात जॉर्जियाहून डाकेने नव्या माश्या मागवल्या. अकरा साली पुन्हा दोन गेली. म्हणजे ह्या बाजूच्या सगळ्या बादल्या मेलेल्यांच्या आहेत. आणि पंधरवड्यापूर्वी एक मोहोळ फुटून ह्याच्या झाडावर गेलं, ते आता ह्याचं आहे. चावलंय त्याला, विचारा."

मला वाटलं, जमीन दुभंगावी. हरकतीचा कागद तिने स्वतःच लिहून त्यांच्या हातात दिला होता. फक्त सही राहिली होती!

"हे सभेत का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

ते वाकून झाकणं वाचू लागले. २००१ च्या झाकणावर नऊ नावं होती. २००४ च्या झाकणावर एका नावावर काट आणि शेजारी बारीक अक्षरात ओहायोचा पत्ता.

"हा कोण?"

"डेसरोशर्सचा मुलगा. बापाची नोकरी तिकडे गेली. तीन वर्षांनी डाकेने पाठवीन. कापसात गुंडाळून जातात बरण्या, फुटत नाहीत."

त्यांनी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस झाकणं वाचली. गुडघे वाजत होते त्यांचे, ऐकू येत होतं. मग सरळ होऊन चष्मा पुसत म्हणाले, "कायदा मध म्हणतो. कुठल्या सालचा ते म्हणत नाही. वाचणारा दोन्ही बाजूंनी वाचू शकतो."

"मग तुम्ही कसा वाचता?" व्हर्नाने विचारलं.

"मुदत आज संपते, हे माहीत आहे ना तुम्हांला?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "शनिवारी नाही."

"आता माहीत आहे," मी म्हटलं.

व्हर्नाने कॉफी विचारली. ते नको म्हणाले आणि गेले. हरकतीबद्दल हो नाही, नाही नाही. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मी पायरीवर बसलो आणि तोंडाचा पट्टा सोडला. "अगं, तुला अक्कल आहे का? सात साल, अकरा साल, यादीच वाचलीस त्यांच्यापुढे!"

"विचारलं त्यांनी," ती म्हणाली. "आणि रॉयस, पोरांना जो मध द्यायचा तो लपवून ठेवलेला कसा देऊ? तू घेतला असतास?"

मी घेतला असता. पण तसं म्हणालो नाही.

मंगळवारी नऊच्या ठोक्याला व्हर्नाच्या घरी फोन वाजला, मी होतोच तिथे. व्हर्नाने तो कानाशी धरला, पण मला इतक्या लांबून कोलीनचा आवाज ऐकू आला. "काही नाही! मी तीनदा तपासलं. एकही हरकत नाही. मध तुमचा!"

व्हर्नाने टेबलावरचं पेन उचललं. मग म्हणाली, "पोरी, आता त्या मेलेल्या माश्यांचं कोर्टाला लिहून कळवलं तर चालेल ना? म्हणजे कागदही सरळ होईल."

"पेन खाली ठेवा, मिसेस टाट्रो!" फोनमधून किंचाळी आली. "पेन खाली ठेवा!"

पेन ठेवलं. पण ठेवायला वेळ लावला.

मग ती तळघरात गेली. मी २००१ ची एक बादली वर आणली, म्हणजे ओढत आणली. मध दगडासारखा बसला होता. तो ऊन पाण्यात हळूहळू सोडवावा लागतो, घाई केली की वास उडतो. मी दोनदा चूल वाढवायला गेलो आणि दोनदा हातावर पळी खाल्ली. तोवर पोरांना कसं कळलं देव जाणे, पण दुपारी नऊच्या नऊ ओट्यावर हजर.

तिने नाव वाचून एकेकाला बोलावलं. शेवटी एक मुलगी मागेच उभी राहिली. तिचे आईबाप दोन वर्षांपूर्वी टेक्ससहून आले होते. म्हणाली, "मिसेस टाट्रो, माझा जन्म इथला नाही."

व्हर्नाने झाकण तिच्यापुढे धरलं. नऊ नावांतलं शेवटचं ताज्या पेन्सिलीचं होतं. "एक सालची ना तू? मग पुढे ये. आणि दोन्ही हातांनी धर, गरम आहे."